वापराच्या आकड्यांचे वाचन : डायल-अप सेवेपासून घेण्याजोगा बोध

रुग्णालयाचे आकडे वाचून काही देणगीदार विचारतात, ‘‘वर्षाच्या सरासरीने अतिदक्षता विभागातील काही खाटा रिकाम्या दिसतात, मग नव्या खाटांसाठी निधी कशासाठी?’’ प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी दूरध्वनीवरून चालणाऱ्या डायल-अप इंटरनेट सेवेचे उदाहरण उपयोगी पडेल.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी ग्राहक मोडेमच्या साहाय्याने ठरावीक क्रमांकावर फोन लावीत असे. पलीकडे ‘अ‍ॅक्सेस सर्व्हर’ नावाचे यंत्र तो कॉल घेई. अशा यंत्रास बहुधा ३० वाहिन्यांची डिजिटल लाइन जोडलेली असे. तिसाही वाहिन्या व्यापल्या, की एकतिसाव्या ग्राहकास केवळ ‘एंगेज्ड टोन’ ऐकू येई.

यंत्रावरील देखरेख दोन प्रकारे होत असे. दर पाच मिनिटांनी किती वाहिन्या व्यापलेल्या आहेत हे यंत्रास विचारून त्याचा आलेख काढला जाई. शिवाय ‘रेडियस’ पद्धतीनुसार प्रत्येक जोडणीची नोंद होई : ग्राहक कोण, वेळ किती, माहितीची देवाणघेवाण किती आणि जोडणी तुटण्याचे कारण काय. एकाच वाहिनीवर काही सेकंदांत तुटणाऱ्या जोडण्या वारंवार दिसल्या, तर तेथील मोडेम वा लाइन सदोष असल्याचा संशय घेतला जाई.

मात्र या नोंदी वाचताना दोन पथ्ये पाळावी लागत. पहिले, चोवीस तासांच्या सरासरीवर विसंबू नये. पहाटेच्या रिकाम्या वाहिन्या रात्रीच्या गर्दीस उपयोगी पडत नाहीत. दुसरे, आलेख तीसवर जाऊन सपाट झाला, तर ती मागणीची मर्यादा समजू नये. ती वाहिन्यांची मर्यादा होय. परत गेलेला ग्राहक यंत्रापर्यंत पोहोचतच नसल्याने त्याची नोंद यंत्रात नसते.

कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर एर्लांग यांनी १९१७ साली याचे सूत्र मांडले. त्यानुसार शंभरांत एकाहून अधिक कॉल परत जाऊ नयेत असे वाटत असेल, तर गर्दीच्या तासात ३० पैकी सरासरी सुमारे २० वाहिन्याच व्यापलेल्या असाव्यात. वाहिन्या १० असतील, तर जेमतेम साडेचार. उरलेली क्षमता वाया गेली असे नव्हे. नकार न देण्याचे ते मोल आहे. विभाग जितका लहान, तितके हे मोल प्रमाणाने अधिक.

खाटांना हे सूत्र जसेच्या तसे लागू होत नाही. नियोजित शस्त्रक्रियांच्या तारखा ठरवता येतात आणि साथीच्या काळात रुग्ण एकदमच येतात. परंतु अपघात वा हृदयविकाराचा रुग्ण वेळ ठरवून येत नाही, आणि ग्राहकाप्रमाणे पुन्हा थोड्या वेळाने प्रयत्न करणे त्यास शक्य नसते.

केस पेपर निघतो तो दाखल झालेल्या रुग्णाचा. खाटेअभावी अन्यत्र पाठविलेल्याचा नव्हे. यास्तव अशा रुग्णांसाठी कॅज्युअल्टीमध्ये स्वतंत्र नोंदवही ठेवावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. ती सुरू झाल्यावर नातेवाइकांनी अन्यत्र जाण्यापूर्वी तीत नोंद करवून घ्यावी आणि देणगीदारांनी सरासरीच्या जोडीने हा आकडाही अवश्य पाहावा, ही नम्र विनंती.