उसातली बाळंतीण आणि माणिकडोहचे पिंजरे

ऊसतोड सुरू झाली की जुन्नरच्या वनखात्याचे फोन वाजू लागतात. फडात कोयते चालू असतात, काही सऱ्या मोकळ्या होतात आणि पाचटात दोन-तीन बछडे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. डोळे नुकते उघडलेले, अंगावरचे ठिपके अजून धुरकट. मजूर कोयते टाकून बांधावर येतात, कारण बछडे आहेत म्हणजे मादी लांब नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. निरोप जातो तो माणिकडोहला.

कुकडी नदीवरच्या माणिकडोह धरणाजवळ वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे. वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था खात्याच्या जोडीनं ते चालवते. तीसहून अधिक बिबटे इथं मुक्कामाला असतात. पण केंद्राचं सगळ्यात मोलाचं काम त्या पिंजऱ्यांबाहेर, उसाच्या फडात चालतं.

बछडे हाती आले की डॉक्टर त्यांना तपासतात. अंगावर गोचीड किती, कुठं जखम आहे का, पोटात दूध आहे का, नर किती नि माद्या किती. वजन होतं. पुढं कधी गाठ पडली तर ओळख पटावी म्हणून कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. मग दिवस मावळायच्या सुमाराला बछडे जिथं सापडले त्याच जागी, हवा खेळेल अशा क्रेटमध्ये त्यांना ठेवतात. समोर अंधारात चित्रण करणारा कॅमेरा लावतात. गावकऱ्यांना घरी पाठवणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. बघ्यांची गर्दी हटली नाही तर मादी येतच नाही. माणसांची चाहूल थांबली की ती येते. आधी लांबून फेरी मारते, थांबते, कानोसा घेते. मग क्रेट पंजानं उलटं पाडते, एका बछड्याला मानेशी धरून उसात दिसेनाशी होते आणि दुसऱ्यासाठी परत येते. पहिल्या रात्री आली नाही, तर दुसऱ्या रात्री पुन्हा तोच खटाटोप.

हा खटाटोप नुसत्या मायेपोटी नाही. पिलं गेलेली मादी वस्तीभोवती घिरट्या घालते आणि त्या दिवसांत ती कुणाच्याही अंगावर जाऊ शकते. माणसाच्या हातावर वाढलेला बछडा पुढं रानात सोडता येत नाही. म्हणजे त्या रात्री आई-पिलांची गाठ पडली नाही, तर बछड्याची पुढची दहा-पंधरा वर्षं गजांआड.

बिबट्या इथं उसात आला कसा, याचं उत्तर पाटाच्या पाण्यात आहे. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी कोरडवाहू रान बागायती केलं. बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. वर्ष-दीड वर्ष न हलणारं, दाट, गार पीक. आत पाणी आणि बाहेर वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं. मादीला बाळंतपणासाठी याहून चांगली जागा डोंगरातही मिळाली नसती. आज उसात वावरणाऱ्या कित्येक बिबट्यांचा जन्मच उसातला आहे. जंगल त्यांनी पाहिलेलं नाही.

हे ध्यानात यायला मोठी किंमत मोजावी लागली. 2001 ते 2003 या काळात जुन्नर परिसरात माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले. त्याच काळात खात्यानं गावाजवळ दिसणारे बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायचा धडाका लावला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याचा हिशेब मांडला, तेव्हा उलटंच चित्र दिसलं. बिबटे सरासरी 39 किलोमीटर लांब नेऊन सोडले जात होते. आणि ही मोहीम सुरू होण्यापूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत, ते नंतर सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात दोन-चार दिवस माणसांचा गोंगाट सोसलेलं जनावर जास्त धोक्याचं ठरत होतं. मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या येऊन घेत होता, ते वेगळंच.

सोडलेलं जनावर सोडल्या जागी राहत नाही, हे ‘आजोबा’नं तर चालून दाखवलं. 2009 मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा थोराड नर. त्याला माग काढणारा गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं, तर महिन्याभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास मजल मारून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत महामार्ग, रेल्वेमार्ग, खाडी. एकाही माणसाला त्यानं ओरखडा काढला नाही. 2011 मध्ये महामार्गावर गाडीखाली त्याचा जीव गेला. त्याच्यावर मराठीत सिनेमा निघाला, हे बऱ्याच जणांना आठवत असेल.

विहिरी हा इथला रोजचाच फास. कठडा नसलेल्या विहिरीत रात्री कुत्र्यामागं धावलेला बिबट्या कोसळतो आणि पहाटेपर्यंत पोहून दमतो. लोक आधी दोरांना बांधून बाज खाली सोडतात. बिबट्या तिच्यावर चढून बसतो, धापा टाकतो. मग पथक येऊन पिंजरा उतरवतं. ज्याच्या दोन शेळ्या बिबट्यानं नेल्या, तोच शेतकरी दोर धरायला पुढं असतो. मळ्यातल्या या समजूतदारपणाची नोंद सरकारी कागदावर कुठंच होत नाही.

केंद्रात कायमचे राहिलेले बिबटे म्हणजे या संघर्षाची उरलेली बाकी. कुणी गाडीच्या धडकेनं लंगडा झालेला, कुणी म्हातारपणानं नजर गेलेला, कुणी पिंजऱ्याचे गज चावून सुळे मोडून घेतलेला. सुळ्याशिवाय शिकार नाही, म्हणून सुटका नाही. काहींवर माणूस मारल्याचा ठपका आहे.

2022 च्या देशव्यापी गणनेत भारतात 13,874 आणि महाराष्ट्रात 1,985 बिबटे असल्याचा अंदाज आला. ही गणना मुख्यतः जंगलातली. उसातले बिबटे तिच्यात जवळजवळ नाहीतच. पण त्यांचा धोका खरा आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात एक चिमुरडी, एक वृद्धा आणि तेरा वर्षांचा मुलगा अशा तिघांचा बळी गेला. लोकांनी महामार्ग रोखला आणि एक बिबट्या गोळी घालून मारावा लागला. त्या घरांसमोर उभं राहून सहजीवनाची भाषा करता येत नाही. सगळे बिबटे उचला, ही मागणी तिथून येते तेव्हा तिच्यामागचं दुःख खरंच असतं. पण उचलून ठेवायचे कुठं? निवारा केंद्राला भिंती आहेत, मर्यादा आहे, आणि जुन्नरनं लांब नेऊन सोडण्याचा परिणाम एकदा भोगला आहे.

करता येण्याजोगं बरंच काही साधं आहे: गोठ्याला जाळी, विहिरीला कठडा, वस्तीला दिवा, शेतीपंपांना रात्रीऐवजी दिवसा वीज. हल्ल्यात माणूस गेला तर सरकार 25 लाख रुपये देतं. ते देण्याची वेळ येण्याआधीचा खर्च याहून फार कमी आहे. आणि त्यात पहिला हक्क ऊसतोड मजुरांचा हवा. बीडकडून आलेली ही कुटुंबं फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत निजतात. कोपीला दार नसतं. पहाटे आईबाप तोडीला गेले की आत लेकरं एकटी असतात. कारखान्यानं त्यांना पक्क्या भिंतींची, दार असलेली खोली आणि दिवा द्यायला हवा, आणि तोही पुढचा हंगाम सुरू होण्याआधी.