ई-वाचक : उणिवा व सुधारणा

इलेक्ट्रॉनीय स्वरूपातील पुस्तके साठविण्याचे व वाचण्याचे सुवाह्य साधन. सोनी कंपनीच्या ‘लिब्री’ (जपान, २००४) या साधनात विद्युत् शाईचा पडदा होता. ॲमेझॉनच्या ‘किंडल’मुळे (२००७) या प्रकाराचा मोठा प्रसार झाला.

पडदा : यातील सूक्ष्म संपुटांत विद्युत् भारित पांढरे व काळे कण असतात. विद्युत् क्षेत्रामुळे ते वर वा खाली सरकून अक्षरे उमटतात. उमटलेले अक्षर टिकविण्यास वीज लागत नाही. त्यामुळे विद्युत् घट पुष्कळ दिवस पुरतो. मात्र कण सावकाश सरकतात. परिणामी पान बदलताना पडदा क्षणभर काळा होतो, मागील मजकुराची पुसट छाया राहते आणि छापील पुस्तकाप्रमाणे पाने भराभर चाळता येत नाहीत. रंगीत पडद्यांतील रंगगाळण्यांमुळे उजळपणा कमी होतो.

मांडणी : अक्षरांचा आकार बदलला की मजकूर नव्याने रचला जातो व पृष्ठांक स्थिर राहत नाही, त्यामुळे संदर्भ देणे अवघड होते. किंडलवर छापील आवृत्तीचे पृष्ठांक २०११ पासून काही पुस्तकांत मिळू लागले. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ मध्ये अधिकृतपणे उपलब्ध झाली. तथापि जुन्या संगणकीय टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. त्यात जोडाक्षरे बिघडण्याचा संभव असतो. पानांची केवळ छायाचित्रे असल्यास अक्षरे मोठी करून मजकूर नव्याने रचता येत नाही.

स्वामित्व : ग्राहकाला बहुधा पुस्तक नव्हे, तर वाचण्याचा परवाना मिळतो. हक्क नसलेल्या प्रकाशकाने विक्रीस ठेवलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या ॲमेझॉनने २००९ मध्ये ग्राहकांच्या साधनांवरून परस्पर काढून टाकल्या. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तक विक्री केंद्र बंद केले, तेव्हा तेथे घेतलेली पुस्तके वाचता येईनाशी झाली. दोन्ही प्रसंगी पैसे परत मिळाले. परंतु वाचकांनी काढलेल्या टिपणांचा आधार नाहीसा झाला.

सुधारणा : पडद्याचा वेग वाढविणे व विद्युत् घट बदलण्याची सोय करणे हे यांत्रिक उपाय होत. ‘ईपब’सारखे खुले मानक सर्व साधनांवर चालणे, ई-पुस्तकात छापील पृष्ठखुणा देणे आणि कुलूपबंदीऐवजी प्रतीवर खरेदीदाराची अदृश्य खूण उमटविणे हेही शक्य आहे. विक्रेत्याने व्यवसाय बंद केला तरी प्रत ग्राहकाकडेच राहील, अशी कायदेशीर हमी मात्र केवळ तंत्रविद्येने मिळणार नाही. तिच्याअभावी वैयक्तिक ग्रंथसंग्रह विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो.