मराठीच्या पायातील द्राविड थर

दापोली, कणकवली, आंबोली, पाली. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होण्यापूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यातील या गावांच्या नावांचे शेवट एकमेकांशी नाते सांगतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांच्या मते, असे शेवट द्राविड भाषांतील ‘पळ्ळि’ म्हणजे वस्ती या शब्दातून आले असावेत. ही नावे किनारपट्टीत दाट आढळतात, घाटावर विरळ होतात. त्यावरून कोकणात मराठीपूर्वी द्राविड भाषिकांची वस्ती असावी, असा त्यांचा तर्क आहे. अडचण एवढीच, की ‘पल्ली’ हा शब्द संस्कृतातही रुळलेला होता. त्यामुळे गावाला नाव देणाऱ्याची बोली कोणती होती, हे केवळ नावावरून ठरत नाही.

सुट्या शब्दांचा पुरावाही निसरडाच. कोकणी माणसाची ‘पेज’ अस्सल स्थानिक वाटते, पण ती संस्कृत ‘पेया’पासून प्राकृतमार्गे आली आहे. उलट घराघरांतील अण्णा, अप्पा, अक्का ही संबोधने द्राविड आहेत. तरीही शब्द व्यापारातून आणि सोयरिकीतून सहज प्रवास करतात. वाक्याची घडण इतक्या सहजी उसनी घेतली जात नाही.

म्हणूनच ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद अधिक बोलका ठरतो. ‘आम्ही चिपळूणला जातो’ या वाक्यात ऐकणारा वगळलेला असतो. ‘आपण जाऊ’ म्हटले की तो सोबत येतो. हिंदीतील ‘हम’ला हा भेद ठाऊक नाही. तमिळमध्ये मात्र ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ अशी नेमकी हीच जोडी आहे. गंमत अशी, की ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून आलेला आहे. म्हणजे माती संस्कृतची, साचा द्राविड. ‘पाऊस येईल म्हणून छत्री घेतली’ यातील ‘म्हणून’चेही तसेच. धातू प्राकृतातील ‘भण’ आणि योजना कन्नडमधील ‘एंदु’ किंवा तेलुगूतील ‘अनि’ यांच्यासारखी. हे दोन्ही शब्दही ‘म्हणणे’ या अर्थाच्याच क्रियापदांची रूपे आहेत. संस्कृतातील ‘इति’ही असेच काम करीत असे, हे येथे विसरता येत नाही.

युरोपात असाच वाद जर्मानिक भाषांविषयी आहे. इंग्रजीतील ‘सी’, ‘शिप’ यांसारख्या शब्दांची निर्विवाद आर्यकुलीन व्युत्पत्ती न मिळाल्याने, त्यांच्याखाली एखादी आर्येतर भाषा दडली असावी, असे मानले गेले. एकेकाळी जर्मानिक शब्दसंग्रहाचा तिसरा हिस्सा अशा भाषेच्या नावे मांडला जाई. पुढे अनेक शब्दांची मुळे सापडली आणि दावा आक्रसला. तेथील संशयित भाषा मात्र लिखित खूण न ठेवता लोपली, त्यामुळे पडताळा घ्यायचा कोठे? मराठीची शेजारीण कन्नड आजही नांदती आहे. तुलना रोज करता येते, हा मराठीच्या अभ्यासकाचा मोठा लाभ.

साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये, मराठीच्या जडणघडणीत भाषासंकराचा वाटा असावा, अशी मांडणी केली. विश्वनाथ खैरे यांनीही ‘द्रविड महाराष्ट्र’मधून मराठीचे तमिळशी नाते आग्रहाने मांडले. त्यांच्या सर्वच व्युत्पत्ती स्वीकारल्या गेल्या नाहीत. परंतु ‘मराठी ही संस्कृतची कन्या’ या शालेय वाक्याला त्यांनी दिलेला धक्का आवश्यक होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिल्यापासून तिच्या प्राचीनतेची चर्चा वाढली आहे. त्या चर्चेत हा थर क्वचितच येतो. ‘आम्ही-आपण’सारखा भेद गुजरातीतही आहे. तो द्राविड थराचाच अवशेष मानायचा, तर त्या थराची उत्तर सीमा कोकणाच्याही पुढे शोधावी लागेल.