नववीतली भूक

भुकेचा विषय निघाला की आपल्याला मेळघाट आठवतो, नाहीतर मराठवाड्यातला दुष्काळ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात कोणी उपाशी असेल, असे आपल्या मनातही येत नाही. मुरगूडच्या परिसरात फिरताना तसे वाटणे साहजिकही आहे. वेदगंगेच्या काठाने उभा ऊस, दारात म्हैस, सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालायला लागलेली रांग आणि गावागावांत तालमी. दूध-तूप खाऊन कुस्ती मारणाऱ्यांचा हा मुलूख. इथे भूक कुठली?

पण ऊस ज्याचा असतो त्याच्या घरातली चूल आणि तो ऊस भांगलणाऱ्या बाईच्या घरातली चूल, या दोन वेगळ्या चुली आहेत. रोजगाराला जाणारी आई दिवस उगवायला घराबाहेर पडते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य यादीतल्या कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, म्हणून डब्यात तांदूळ-गहू असतात. परंतु डाळ, तेल आणि मुख्य म्हणजे सकाळी भाकरी थापायला लागणारा वेळ रेशनवर मिळत नाही. वाडीवरचा मुलगा रात्रीची भाकरी उरली असेल तर खातो, नसेल तर तसाच पहिली एस. टी. गाठतो. हंगामात ऊसतोडीला आलेल्यांची आणि वीटभट्टीवरची मुले तर आणखी वेगळीच.

मी हायस्कूलच्या मुलांना शिकवले आहे. लहान मूल भूक लागली की रडते. चौदा-पंधरा वर्षांचे पोर मात्र भूक लपवते. मधल्या सुट्टीत डबा न काढणाऱ्या मुलीला विचारावे, तर उत्तर येते, "सर, आज उपास हाय." सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा. आठवड्यातले चार-चार दिवस उपास करणारी ही भक्ती नव्हे, हे कळायला फार हुशारी लागत नाही. देवाच्या नावावर स्वाभिमान सांभाळण्याची ती धडपड असते.

आठवीनंतर ताट रिकामे

या वयातच सरकारचा हात सुटतो. शाळेतल्या आहाराची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तेव्हा पहिली ते पाचवीच्या मुलांना हजेरी पाहून महिना तीन किलो तांदूळ घरी मिळत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश दिला आणि आपल्याकडे खिचडीच्या पातेल्यांचा घमघमाट शाळांत सुटला. २००८ पर्यंत योजना आठवीपर्यंत पोहोचली. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज दीडशे ग्रॅम धान्य आणि सातशे उष्मांक, असे तिचे माप आहे. २०२१ मध्ये 'पीएम पोषण' असे नवे नाव आले, परंतु आठवीची रेघ तिथेच राहिली.

आपल्याकडची बहुतेक हायस्कुले पाचवी ते दहावीची. त्यामुळे एकाच आवारात धाकटा भाऊ ताट घेऊन बसतो आणि नववीतली बहीण नळावर पाणी पिऊन वर्गात जाते. एप्रिलपर्यंत जेवणारा मुलगा जूनमध्ये जेवायचा थांबतो. त्याची भूक मात्र थांबत नाही. उलट हीच वर्षे अंग भरण्याची, उंची वाढण्याची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्याच मुलींकडून आपण दहावीच्या वर्षी अठरा तास अभ्यासाची अपेक्षा करतो.

विशेष म्हणजे मुरगूडहून थोडक्या अंतरावर असलेल्या निपाणीत चित्र वेगळे आहे. कर्नाटकात 'अक्षर दासोह' योजनेत दहावीपर्यंतच्या मुलांना जेवण मिळते. तमिळनाडूत १९८० च्या दशकापासूनच ते दहावीपर्यंत आहे. म्हणजे हे अशक्य नाही. आपल्या शासनाकडे ही मागणी लावून धरलीच पाहिजे. परंतु तोवर यंदाच्या नववीने काय करायचे?

मुठीतला ठेवा

या प्रश्नाचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या मातीतच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली. खेड्यातल्या मुलाला शिकवायचे, तर आधी त्याच्या राहण्या-जेवण्याची सोय झाली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. त्याआधी गरीब विद्यार्थ्याला वार लावून जेवणे किंवा माधुकरी मागणे हाच मार्ग होता, तोही सर्व जातींच्या मुलांना मोकळा नव्हता.

याच जिल्ह्यातल्या कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी हा धागा पुढे नेला. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह काढले. पैसा नव्हता. त्यांनी घरोघरच्या मायबहिणींकडे मूठभर धान्य मागितले. मूठ कोणालाही जड नसते. शंभर घरच्या मुठींनी मात्र कोठी भरते. तरीही तुटवडा पडला तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी दिले. वसतिगृहातली मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत. त्यामुळे त्या अन्नाला भिकेचा वास कधी लागला नाही.

अमेरिकेत फिनिक्स शहरात १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली अन्नपेढी काढली आणि आता तिकडच्या अनेक हायस्कुलांत मुलांसाठी शिध्याचे कपाट असते. आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. हे मुष्टिधान्यच आहे.

शिदोरीचे कपाट

मुरगूडसारख्या गावात असे कपाट सुरू करायला काय लागेल? मी साधा हिशेब मांडून पाहिला. चाळीस मुलांना रोज मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाणे आणि वीस ग्रॅम गूळ द्यायचा. त्यातून सुमारे साडेतीनशे उष्मांक आणि बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. दिवसाला दोन किलो शेंगदाणे, आठशे ग्रॅम गूळ. शाळेचे २२० दिवस धरले, तर वर्षाला ४४० किलो शेंगदाणे आणि १७६ किलो गूळ. ४४० घरांनी सुगीत एक-एक किलो शेंगदाणे दिले की झाले! आणि गुळासाठी कोल्हापुरात कोणापुढे पदर पसरावा लागेल काय? त्याला फुटाणे, केळी, उकडलेली अंडी यांची जोड देता येईल. शनिवारी ज्याला हवे त्याला डाळीची पुडी घरी नेता यावी.

कामाला माणसेही आहेत. निवृत्त शिक्षक, बचत गटाच्या बायका, कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुले यांनी वार वाटून घ्यावेत. पावसाळ्यात शेंगदाण्याला बुरशी लागते आणि ती विषारी असते. म्हणून घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे हवेत, माल निवडून आणि महिन्यापुरताच भरायला हवा. आवक-जावक वहीत लिहावी, पण घेणाऱ्याचे नाव लिहू नये.

खरे पथ्य हेच. यादी नको, फोटो नको, देणगीदाराच्या हस्ते वाटप तर नकोच नको. कपाट वर्गाजवळ असावे, उघडे असावे आणि सर्वांसाठी असावे. गरज नसलेली मुलेही घेतील, असा आक्षेप येईल. घेऊ देत. चार सधन मुलांनी मूठभर शेंगदाणे खाल्ले, तर त्यांच्या गर्दीत एका उपाशी मुलीचा हात कोणाच्या डोळ्यावर येत नाही. तेवढ्या आडोशाची किंमत चार मुठी असेल, तर ती स्वस्तच म्हणायची.

दुसरी सोय मुलांच्याच हाती द्यावी. डबे भरणे, शेंगा फोडणे, हिशेब ठेवणे हे काम नववी-दहावीच्या पोरांनी करावे. राबून खाल्लेल्या घासाला मान असतो, हे भाऊरावांच्या वसतिगृहाने दाखवून दिले आहे.

गावात जत्रेला, वाढदिवसाच्या फलकांना, मिरवणुकीला वर्गणी गोळा होते. त्याबद्दल तक्रार नाही. त्याच घरांतून एक किलो शेंगदाणे मागायला निघालो, तर दार बंद होईल असे मला वाटत नाही. सुगी झाली की एखाद्या रविवारी पाच जणांनी पोते घेऊन एका गल्लीपासून सुरुवात करावी. जूनमध्ये नववीचा वर्ग भरेल तेव्हा कपाट भरलेले असावे.