वेळेचा ताळेबंद आणि प्रश्न विचारणारे यंत्र

बँकेच्या शाखेत दिवसअखेरीस रोकड मोजली जाते, नोंदींशी ताडली जाते आणि मेळ बसल्यावाचून रोखपालाची सुटका होत नाही. दहा रुपयांचा फरक आला तरी तो कोठून आला याचा शोध घ्यावा लागतो. पैशाबाबतची ही शिस्त सर्वमान्य आहे. परंतु ज्या वेळेच्या मोबदल्यात तो पैसा मिळतो, त्या वेळेचा हिशेब क्वचितच कोणी ठेवतो. रात्री अंथरुणावर पाठ टेकताना ‘दिवसभर उसंत नव्हती, पण नेमके झाले काय?’ असा प्रश्न मनात उमटतो आणि झोपेबरोबर विरून जातो.

तो विरू न देता ठरावीक वेळी स्वतःला विचारणे आणि त्याचे उत्तर लिहून ठेवणे, हा आत्मपरीक्षणाचा मार्ग फार जुना आहे. नवे आहे ते इतकेच की, उत्तर ऐकून त्यातून पुढचा प्रश्न काढणारा एक यांत्रिक सहायक आता प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर येऊन बसला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यापाठोपाठ जेमिनी, क्लॉड, कोपायलट अशी नावेही परिचयाची झाली. पत्र लिहून घेणे, मजकुराचा सारांश काढणे यांसाठी त्यांचा वापर सर्रास होतो. स्वतःच्या कामाचा आढावा घेण्यासाठी मात्र त्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही, आणि जे वळतात ते बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात. ‘माझी कार्यक्षमता कशी वाढेल?’ असे विचारून ते उत्तराची वाट पाहतात. यंत्रही तत्परतेने दहा सूचना देते: पहाटे उठा, कामांची यादी करा, भ्रमणध्वनी दूर ठेवा. त्यातील एकही चुकीची नसते आणि एकही त्या व्यक्तीसाठी नसते.

प्रश्नांची जुनी परंपरा

रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने क्रोधाविषयीच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, रात्री दिवा दूर नेल्यावर तो आपला सारा दिवस स्वतःपुढे मांडून तपासत असे. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन याने हीच गोष्ट एखाद्या व्यापाऱ्याच्या काटेकोरपणाने केली. त्याने तेरा गुणांची यादी केली, एका छोट्या वहीत वारांचे रकाने आखले आणि ज्या दिवशी ज्या गुणात चूक झाली तेथे काळा ठिपका देण्यास आरंभ केला. एका आठवड्यात एकाच गुणावर भर. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. दिवसाच्या आरंभी आज कोणते चांगले काम करायचे आणि रात्री कोणते झाले, असे दोन प्रश्न त्याने आपल्या वेळापत्रकातच नोंदवले होते. गंमत अशी की, या यादीतील ‘व्यवस्थितपणा’ हा गुण आपल्याला अखेरपर्यंत साधला नाही, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे. वही ठेवणाऱ्यांनी निराश होऊ नये यासाठी एवढा दाखला पुरेसा आहे.

व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी १९९९ मधील एका लेखात याच पद्धतीचे व्यावहारिक रूप सांगितले. महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय घडेल अशी आपली अपेक्षा आहे ते लिहून ठेवावे आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष घडले त्याच्याशी ते ताडून पाहावे. आपले बलस्थान कोणते आणि आपण सातत्याने कोठे फसतो, हे यातून जितके स्वच्छ कळते तितके अन्य मार्गाने कळत नाही, असे त्यांचे मत होते. गुंतवणूक करणाऱ्या ग्राहकांना तर ही वही विशेष उपयोगी पडावी. कारण भाव वाढल्यावर ‘मला हे आधीच ठाऊक होते’ असे म्हणण्याची सवय माणसाला फार लवकर लागते आणि लिहिलेला कागद ती मोडतो.

भारतातील एक प्रयोगही उल्लेखनीय आहे. विप्रो या कंपनीत नव्याने प्रशिक्षण घेणाऱ्यांपैकी एका गटाला दिवसाची शेवटची पंधरा मिनिटे त्या दिवशी काय शिकलो ते लिहिण्यासाठी दिली गेली; दुसरा गट त्या वेळातही नेहमीचेच काम करीत राहिला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, लिहिणाऱ्या गटाने अंतिम परीक्षेत सुमारे २३ टक्के अधिक यश मिळवले. या अभ्यासातील एका संशोधिकेच्या अन्य निबंधांच्या विश्वासार्हतेविषयी पुढे गंभीर वाद झाला, त्यामुळे हा आकडा ब्रह्मवाक्य मानू नये. तरीही काम करण्याच्या वेळातून पंधरा मिनिटे काढून घेतल्याने काम बुडते, ही भीती पुन्हा तपासून पाहण्याजोगी आहे, एवढे त्यावरून म्हणता येते.

प्रश्नाची घडणही महत्त्वाची असते. ‘माझी कामे वेळेवर का होत नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा स्वभावदोषावर किंवा दैवावर जाऊन थांबते. ‘आज कोणते काम राहिले? ते राहिले तेव्हा मी काय करीत होतो? उद्या कोणती एक गोष्ट बदलता येईल?’ हे प्रश्न मात्र पाय जमिनीवर ठेवतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टाशा युरिक यांनीही आत्मचिंतनात ‘का’पेक्षा ‘काय’ विचारण्यावर भर दिला आहे.

यंत्राकडे काय सोपवावे

यंत्राने माणसाला प्रश्न विचारण्याची कल्पना आजची नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ ही संगणक-आज्ञावली प्रसिद्ध केली. ती समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्नरूपाने परत करीत असे. अर्थ तिला मुळीच कळत नव्हता. तरीही वायझेनबाउम यांच्या सचिव तिच्याशी ‘बोलू’ लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी आपल्या वरिष्ठांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. या अनुभवाने वायझेनबाउम इतके अस्वस्थ झाले की पुढे ते अशा यंत्रांचे टीकाकार बनले. आजचे सहायक एलायझापेक्षा कितीतरी समर्थ आहेत. अफाट मजकुराच्या अभ्यासावरून पुढे कोणता शब्द संभवतो याचा अंदाज बांधत ते उत्तर रचतात. परंतु ज्याने प्रश्न विचारला त्याच्या घरात, दुकानात किंवा मनात काय चालले आहे, हे त्यांना सांगितल्याखेरीज कळत नाही. म्हणून त्यांच्याकडून सल्ला घेण्याआधी प्रश्न घ्यावेत.

समजा, इंदूर किंवा बडोद्यातील एक मराठी गृहिणी दिवाळीच्या फराळाच्या मागण्या घेते. दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे, आगाऊ रक्कम स्वीकारलेली आहे आणि रोज रात्री बारापर्यंत जागूनही चकली मागे पडते आहे. वेळेवर माल गेला नाही तर पैसे परत करावे लागतील, शिवाय जोडलेली गिऱ्हाइके तुटतील ती वेगळीच. तिने सहायकाला मराठीतच असे सांगावे: ‘मी सहा दिवस रोज रात्री चार-पाच ओळी लिहीन. तू सल्ला देऊ नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार. आठवडा संपल्यावर माझ्या नोंदींत कोणती गोष्ट वारंवार आली तेवढे दाखव, आणि ती कोणत्या दिवसांच्या नोंदींत आहे तेही सांग.’

सहा दिवसांच्या नोंदी वाचून सहायक दाखवतो की, चार दिवशी चकलीचा घाणा कढईत असतानाच मागणीचे फोन आले, आणि तीन दिवशी संपलेले सामान आणण्यासाठी मध्येच बाजारात जावे लागले. तिला वाटत होते, आपला हात मंद झाला आहे. तक्रारीचे मूळ निराळेच निघाले. आता ती ठरवू शकते की सकाळी अकरा ते दोन फोन मुलीकडे राहील, मागण्या दुपारी चारनंतर घेतल्या जातील आणि सामानाची यादी आदल्या रात्रीच होईल. असा निश्चय ‘जर–तर’च्या रूपात केल्यास तो अधिक टिकतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आले आहे: ‘कढई चुलीवर असताना फोन वाजला, तर मी तो उचलणार नाही.’ सहायकाने याच ओघात एखादा मदतनीस ठेवण्याचेही सुचवले असेल. भाजणीचा अंदाज परक्या हाताला तीन आठवड्यांत येत नाही, हे मात्र तिलाच ठाऊक असते. तो सल्ला बाजूला ठेवण्याचा अधिकारही तिचाच.

आठवड्याच्या नोंदींतील पुनरावृत्ती शोधणे, मोठ्या कामाचे लहान टप्पे पाडणे आणि ठरवलेल्या बेताविरुद्ध मुद्दाम आक्षेप घेणे या कामी हे साधन खरोखर चांगले आहे. नोंदी लिहिण्याचे काम मात्र त्याच्याकडे देऊ नये. दिवसाचा गोषवारा यंत्राने सुबक भाषेत तयार करून दिला की तो वाचायला बरा वाटतो, पण आठवून लिहिण्यात जो विचार होतो तो झालेला नसतो.

सावधगिरी

पहिला धोका स्तुतीचा. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीतील एक सुधारणा काही दिवसांतच मागे घ्यावी लागली; वापरणाऱ्याच्या प्रत्येक म्हणण्याला ते नको इतकी मान डोलावू लागले होते. आत्मपरीक्षणात होकार देणारा सोबती निरुपयोगी असतो. ‘माझ्या या स्पष्टीकरणातील कच्चे दुवे दाखव’ असे स्पष्ट सांगितल्यास फरक पडतो, तरी सावध राहावेच.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. एमईटीआर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी संगणक-तज्ज्ञांना २४६ कामे देऊन पाहिली. काही कामांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्यास मुभा होती, काहींत नव्हती. साधनांमुळे आपला वेळ सुमारे २० टक्क्यांनी वाचला, असे त्या तज्ज्ञांना काम संपल्यावरही वाटत होते. घड्याळाने दाखवले की त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला होता. हा निष्कर्ष सर्व कामांना लागू होईल असे नाही. पण वेळ वाचल्याची भावना आणि वाचलेला वेळ या दोन वेगळ्या बाबी आहेत. म्हणून सहायकाशी संवादात गेलेली मिनिटेही त्याच वहीत खर्चाच्या बाजूला मांडावीत. पंधरा मिनिटांच्या आढाव्याचे पाऊण तासाच्या गप्पांत रूपांतर होऊ लागले, तर संवाद बंद करून वहीकडे परतावे.

आणि तिसरी बाब ग्राहकांच्या थेट हिताची. मनातले सांगण्याच्या ओघात खाते क्रमांक, कार्डाचा तपशील, पिन, पासवर्ड किंवा ओटीपी यांपैकी काहीही लिहू नये. पासबुकाचे छायाचित्रही चढवू नये. आपल्या गिऱ्हाइकांची वा सहकाऱ्यांची नावे ‘क’, ‘ख’ अशी बदलावीत, कारण त्यांनी तशी संमती दिलेली नसते. अनेक सेवांमध्ये आपले संभाषण प्रशिक्षणासाठी वापरू न देण्याची सोय असते. ती शोधून आधीच तशी निवड करावी. कर्जाचा हप्ता किंवा व्याज यांविषयी सहायकाने सांगितलेला आकडा शाखेत विचारून खात्री केल्याशिवाय गृहीत धरू नये, कारण ही यंत्रे चुकीचा आकडाही तितक्याच ठाम भाषेत सांगतात.

आरंभ करू इच्छिणाऱ्याने पहिला आठवडा केवळ वही आणि तीन प्रश्नांवर काढावा, सहायकाला दुसऱ्या आठवड्यात बोलवावे. तोवर लिहिण्याची वेळ ठरलेली असते, आणि यंत्रापुढे ठेवण्यासारखे स्वतःचे काही हाताशी आलेले असते.