मांजरांनी आधी सांगितलं होतं

पोरांनो, जपानच्या क्यूशू बेटावर मिनामाता नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. 1950 नंतर तिथली मांजरं विचित्र वागू लागली. चालताना झोकांड्या जायच्या, झटके यायचे. काही तर समुद्रात पडून मेली. लोक म्हणाले, मांजरांना नाचरा रोग लागलाय. 1956 साली पाच वर्षांच्या एका मुलीचे पाय लटपटू लागले, बोबडी वळली. मागोमाग तिची धाकटी बहीण. साथ आली म्हणून घरं धुऊन काढली, शेजाऱ्यांनी जाणंयेणं तोडलं.

आता सांगा, मांजर काय खातं? मासे. आणि कोळ्यांची लेकरं? तेच मासे!

गावात चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. त्याच्या सांडपाण्यातून मिथिल पारा खाडीत जाई. हे विष अंगातून सहजी निघत नाही. बारीक जीवांना छोटा मासा खातो, छोट्याला मोठा, आणि दर घासाला ते चक्रवाढ व्याजासारखं वाढत जातं.

कारखान्याच्याच दवाखान्यातल्या डॉक्टर होसोकावांनी मांजरांच्या खाण्यात ते सांडपाणी मिसळून पाहिलं. ऑक्टोबर 1959 मध्ये 400 नंबरचं मांजर तसंच झोकांड्या खाऊ लागलं. कंपनीने ही गोष्ट दाबून ठेवली आणि 1968 पर्यंत विष सोडत राहिली. याला मी गुन्हाच म्हणतो.

खरं नवल पुढे आहे. आईच्या पोटातल्या बाळाला वार विषापासून राखते, असं तेव्हा डॉक्टर मानत. मग माशाचा घासही न खाल्लेली बाळं जन्मापासून लुळी कशी? जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवतात. डॉक्टर हारादांनी त्या नाळा मागून घेतल्या, तपासल्या. बोटाच्या पेराएवढ्या त्या सुकल्या तुकड्यांत मिथिल पारा होता! कारखाना जोरात चालला, त्या वर्षांतल्या बाळांच्या नाळेत तो जास्त भरला. वार विष अडवत नव्हती, बाळापर्यंत पोचवत होती.

म्हणून सांगतो, ओढ्यात मासे मरून तरंगताना दिसले, तर पाण्यात उतरू नका, ते मासे खाऊ नका, आणि तडक घरी येऊन सांगा. पाण्याचा नमुना लगेच घ्यावा लागतो. एक पाऊस पडला तरी पुरावा वाहून जातो.