सेल्फ लागत नाही : गाडीची नवी बॅटरी निवडताना

गाडीची बॅटरी दगा देते ती बहुतेक वेळा सकाळी. रात्रभर गाडी उभी असते, इंजिन गार असतं, ऑइल घट्ट झालेलं असतं आणि सेल्फला सगळ्यात जास्त जोर त्याच वेळी लावावा लागतो. किल्ली फिरवली की नुसती खटखट ऐकू येते आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात. ऑफिस गाठायचं असतं, मुलांना शाळेत सोडायचं असतं. मग फोन करून कुणाला तरी बोलावलं जातं. तो येतो, "बॅटरी बसली" म्हणतो आणि स्कूटरवर आणलेली नवी बॅटरी लावून जातो. पुढची तीन-चार वर्षं ज्या वस्तूवर गाडी चालू होणं अवलंबून आहे, ती अशी न पाहता घेतली जाते. थोडं आधी आणि थोडं डोळसपणे पाहिलं, तर हेच काम नीट होतं. त्यासाठी आधी बॅटरी कशी चालते आणि कशाने मरते हे समजून घ्यायला हवं.

१८५९ साली फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्ते यांनी शिशाच्या पट्ट्या सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवून पहिली पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. आज आपल्या बॉनेटखाली आहे ती मुळात तीच. डब्यात सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा, म्हणजे सेल, साधारण २.१ व्होल्ट देतो. सहा मिळून साडेबारा व्होल्टच्या थोडं वर. धन बाजूच्या प्लेटवर लेड डायऑक्साइड असतं, ऋण बाजूच्या प्लेटवर सच्छिद्र शिसं. वीज बाहेर जाते तेव्हा दोन्हींवर लेड सल्फेट जमतं आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्जिंग होताना हेच सगळं उलटं घडतं.

गाडी सुरू करायला किती वीज लागते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ दीडशे अँपिअरच्या आसपास करंट ओढतो असं धरू. इंजिन दोन सेकंदांत सुरू झालं, तर खर्च झाला ०.०८ अँपिअर-अवर. बॅटरीवर लिहिलेलं असतं ३५ अँपिअर-अवर. म्हणजे साठ्याच्या मानाने हा खर्च अगदीच किरकोळ. तरीही गाडी सुरू होत नाही, कारण प्रश्न साठ्यापेक्षा वेगाचा असतो. एवढा मोठा करंट एका झटक्यात देण्यासाठी प्लेट स्वच्छ लागतात आणि आतला अवरोध कमी लागतो. प्लेट झिजल्या, त्यांच्यावर सल्फेटचे कठीण स्फटिक बसले, की अवरोध वाढतो. अशी बॅटरी रेडिओ वाजवते, हॉर्न वाजवते, केबिनमधला दिवाही लावते. सेल्फ मारला की मात्र कोसळते. "हॉर्न तर जोरात वाजतोय, मग बॅटरी कशी खराब?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

आपल्या हवामानात बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता आहे. थंड देशांत लोक हिवाळ्यात बंद पडणाऱ्या गाड्यांची काळजी करतात. आपल्याकडे नागपूर-चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. या तापमानात ॲसिडमधलं पाणी उडतं आणि धन प्लेटची जाळी लवकर गंजते. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो, तसा झिजण्याचाही वाढतो. नुकसान मे महिन्यात होतं आणि बॅटरी पडते पुढच्या पावसाळ्यात किंवा थंडीत. मग दोष दिला जातो पावसाला. कोकणपट्टीत भर पडते ती दमट, खारट हवेची. टर्मिनलवर पांढरा-निळसर थर चढतो आणि चांगली बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते.

म्हणून नवी घेण्याआधी जुनी खरंच गेली आहे का, हे तपासा. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा साधा मल्टिमीटर त्यासाठी पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या टर्मिनलवर तो लावा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त दाखवले, तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता मीटर तसाच ठेवून दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. तो खाली जाणारच. साडेनऊच्या वर टिकला तर ठीक. १२.६ वरून थेट आठ-साडेआठवर आपटला, तर बॅटरी भरलेली असूनही आतून संपली आहे आणि ती बदलावी लागेल. शेवटी गाडी चालू ठेवून बघा. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. इंजिन चालू असूनही तो १२.५ लाच अडकला, तर संशय अल्टरनेटरवर घ्या. जुने मेकॅनिक त्याला अजूनही डायनामो म्हणतात. तो दुरुस्त न करता नवी बॅटरी बसवली, तर तीही काही दिवसांत बसेल. हल्लीच्या काही गाड्यांत चार्जिंगचा व्होल्टेज संगणक कमी-जास्त करतो, त्यामुळे दिवे आणि एसी लावून पुन्हा एकदा मोजलेलं बरं.

आणखी एक शक्यता आहे : बॅटरी चांगली, पण रात्रीत कोणीतरी वीज पीत असतं. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, सायरनचं लॉक. बंद गाडीत ५० मिलिअँपिअर करंट चालू राहिला, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. दोन आठवडे गाडी हलली नाही, तर ३५ ची बॅटरी अर्ध्यावर येते. गावाला जाताना ऋण टर्मिनल काढून ठेवणं किंवा कुणाला तरी आठवड्याला अर्धा तास गाडी फिरवायला सांगणं, हा त्यावरचा सोपा उपाय. नुसती घराच्या दारात पाच मिनिटं गाडी चालू ठेवून मात्र फारसं काही भरून निघत नाही.

बॅटरी बदलायचीच ठरली, तर जुन्या बॅटरीवरचा कोड वाचा. मारुतीच्या कित्येक लहान गाड्यांत ३८बी२०एल अशी बॅटरी असते. हा जपानी पद्धतीचा कोड. ३८ हा क्षमतेचा दर्जा सांगणारा अंक आहे, अँपिअर-अवर नव्हे. या बॅटरीची क्षमता ३५ अँपिअर-अवर असते. 'बी' वरून रुंदी आणि उंची कळते, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये आणि शेवटचं 'एल' किंवा 'आर' म्हणजे धन टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते. युरोपीय पद्धतीच्या बॅटरीवर डिन ४४, डिन ५०, डिन ६५ असं लिहिलेलं असतं. तिची उंची कमी असते, टर्मिनल वरच्या पृष्ठभागापेक्षा खाली दबलेले असतात आणि तिला तळाच्या कडेला धरून घट्ट बसवतात. जपानी पद्धतीची बॅटरी वरून आडव्या पट्टीने आवळतात आणि तिचे टर्मिनल वर डोकावतात. "हीच बसवू, चालते" म्हणून एकीच्या जागी दुसरी बसवली, तर ती ट्रेमध्ये डगमगते, किंवा उंच टर्मिनल बॉनेटच्या पत्र्याला टेकून शॉर्ट होण्याची भीती असते.

'एल' आणि 'आर' ची गल्लत तर फारच महागात पडते. केबल पोचत नाही, म्हणून बॅटरी फिरवून लावली जाते, केबल ताणली जाते आणि घाईत धन-ऋण उलटं जोडलं गेलं, तर फ्यूज, अल्टरनेटरचे डायोड आणि कधी कधी इंजिनचा संगणकही जातो. यावर उपाय सोपा आहे. दुकानाच्या काउंटरवर जुनी आणि नवी बॅटरी शेजारी शेजारी, टर्मिनल आपल्याकडे करून ठेवायची. लांबी, उंची, टर्मिनलची जागा आणि टर्मिनलची जाडी, चारही गोष्टी डोळ्यांनीच ताडून बघता येतात. ३८बी२० सारख्या काही बॅटऱ्यांचे टर्मिनल बारीक असतात. जाड टर्मिनलची केबल त्यांवर ढिली बसते आणि ढिल्या जोडणीतून सेल्फचा करंट जात नाही.

मग प्रकार. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होणाऱ्या गाड्यांना साधी बॅटरी चालत नाही. त्यांत ईएफबी किंवा एजीएम जातीची असते, कारण दिवसातून पन्नास वेळा सेल्फ झेलायचा आणि मधल्या काळात पंखा, दिवे, म्युझिक चालवायचं असतं. साधी बॅटरी त्यांत बसवली तर पैसे वाचतात, पण ती लवकर जाते. कंपनीने ईएफबी दिली असेल तर ईएफबीच घ्या, एजीएम दिली असेल तर एजीएमच. उलट, साध्या गाडीत महागडी एजीएम बसवण्याची गरज माझ्या मते नाही. ती बंद असते, तिच्यात पाणी भरता येत नाही आणि तापलेल्या बॉनेटखाली तिचा फायदा पुरेपूर मिळत नाही.

"मोठी घ्या साहेब, जास्त टिकेल," असं दुकानदार सांगतो. त्याच डब्याच्या मापात थोडी जास्त क्षमतेची मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. अल्टरनेटर तिने बिघडत नाही आणि सेल्फही हवा तेवढाच करंट घेतो. पण रोज दोन किलोमीटरच गाडी फिरणार असेल, तर मोठ्या बॅटरीतूनही जेवढी वीज जाते तेवढी परत भरत नाही. लेबलवरचा सीसीए हा आकडा उणे १८ अंशांवर बॅटरी तीस सेकंद किती करंट देऊ शकते ते सांगतो. महाराष्ट्रात कुठेच तेवढी थंडी नाही, तरी आकडा उपयोगाचा आहे : आतला अवरोध किती कमी हे त्यावरून कळतं, आणि दोन वर्षांनी दुकानातल्या डिजिटल टेस्टरवर तोच पुन्हा मोजून बॅटरी किती थकली हे पाहता येतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट : बॅटरी ताजी हवी. लेड-ॲसिड बॅटरी शेल्फवर ठेवलेलीसुद्धा हळूहळू उतरते आणि तापलेल्या गोदामात अधिक वेगाने. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की सल्फेट कठीण होतं आणि नंतर चार्ज करूनही पहिला जोम येत नाही. एक्साइडचे कारखाने चिंचवड आणि तळोज्याला आहेत, टाटा ग्रीन रांजणगावला बनते, अमरॉन तिरुपतीजवळून येते. पण कारखाना जवळ आहे म्हणून दुकानातला माल ताजा असेलच असं नाही. डब्यावर बनवल्याची तारीख कोडमध्ये असते. तो दुकानदाराकडूनच वाचून घ्या आणि तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा. मग मीटर लावायला सांगा. १२.५ च्या वर असेल तरच घ्या. ओळखीचं नाव पण आठ महिने पडून राहिलेली बॅटरी आणि कमी जाहिरात असलेली पण गेल्या महिन्यातली बॅटरी यांत मी दुसरी निवडेन.

वॉरंटीचा आकडा नीट फोडून बघा. "साठ महिने" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ३० + ३०. पहिले तीस महिने बदलून फुकट, पुढचे तीस महिने नव्या बॅटरीवर सवलत. ही सवलत एमआरपीवर मोजतात, आणि बाजारात बॅटरी मुळातच एमआरपीपेक्षा कमी भावात मिळते, म्हणून दुसऱ्या टप्प्याचा फायदा दिसतो त्याहून कमी असतो. तुलना करायची ती पहिल्या आकड्याची. पावतीवर आणि कार्डावर गाडीचा नंबर, बॅटरीचा सिरियल नंबर आणि तारीख लिहून घ्या. टॅक्सीला वॉरंटी बहुधा कमी असते, तेही आधीच विचारा.

बसवताना इंजिन बंद, किल्ली बाहेर. आधी ऋण केबल काढायची, मग धन. जोडताना उलट : आधी धन, शेवटी ऋण. कारण ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. ते जोडलेलं असताना धन टर्मिनलवरचा पाना पत्र्याला लागला तर ठिणग्या उडतात, आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. बिडी-सिगरेट लांब ठेवा. टर्मिनल ब्रशने घासून वर पेट्रोलियम जेली लावा. आवळपट्टी घट्ट बसवायला सांगा. घाटातल्या आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर हलणाऱ्या बॅटरीच्या प्लेट आतून सुटतात. नंतर घड्याळ पुन्हा लावावं लागेल, आपोआप वर जाणारी काचही एकदा पूर्ण खाली-वर करावी लागेल. झाकणं उघडणारी बॅटरी असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पाणी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको.

राहिली जुनी बॅटरी. लहान गाडीच्या बॅटरीचं वजन नऊ-दहा किलो, त्यातलं बरंचसं शिसं. भंगारवाला कधी कधी दुकानदारापेक्षा शंभर-दोनशे रुपये जास्त देतो. ती पुढे अशा ठिकाणी जाऊ शकते जिथे ॲसिड गटारात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. त्याचा धूर आणि धूळ आजूबाजूच्या लहान मुलांच्या मेंदूला इजा करते आणि ती भरून निघत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचं रिसायकलिंग करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा जुनी बॅटरी नवी घेतलेल्या अधिकृत विक्रेत्याकडेच द्या, तिचे पैसे बिलातून वजा करून घ्या आणि तसं पावतीवर लिहून मागा.